पेरूच्या बाई

फ्रँकफर्टला आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथे खिडकीजवळ एक बाई बसलेल्या असायच्या. स्वेटरवर 'स्पॅनिश' अशी पट्टी त्यांनी स्वतःच शिवली होती. स्पॅनिश बोलणारं कुणी आलं की त्या डोळे मिटून त्याचं दुखणं ऐकायच्या. ऐकताना त्यांची बोटं स्वतःच्याच पोटावरून, पाठीवरून फिरायची, जणू ते दुखणं घटकाभर त्यांच्याकडे मुक्कामाला आलंय. मग आत जाऊन डॉक्टरांना जर्मनमध्ये सांगायच्या.

एकदा पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन गेले होते. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी बाईंना जर्मनमध्ये विचारलं.

"पेरू."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "अगंबाई, इथे पेरू मिळतो?"

बर्फाळ खिडकीशी पिकल्या पेरूचा वास दरवळल्यासारखा वाटला. मी अर्थ सांगितल्यावर बाई खूप हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "इथे आले तेव्हा मला जर्मनचा एकच शब्द यायचा. गुट, म्हणजे छान. लेक तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी विचारलं, कशी आहे? मी म्हणाले, गुट."

तेवढ्यात आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

रात्रभर कण्हलेल्या सासूबाईंनाही जर्मनचा तेवढाच शब्द येत होता. त्या हसून म्हणाल्या, "गुट."

मी त्यांचा हात हातात घेतला. "आई, मराठीत सांगा."

आणि ऐकायला मीही डोळे मिटले.