मामंजींचं माप

माझ्या लग्नात वडिलांनी मला आंदण म्हणून एक गाय दिली. भामा नदीकाठी हिरव्या घासावर वाढलेली, अंगानं कशी भरलेली! सासरी, चाकणच्या वरच्या अंगाला, तिच्या वाट्याला डोंगरावरचं कुसळी गवत आलं. तेही होळी सरली की वाळून नुसती काडी. दिवसभर चरून पोट भरायचं, पण अंगी काही लागायचं नाही. चैत्रात तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, आणि त्यात ती गाभण.

घरात पेंड नव्हती असं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चाकणच्या घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणायचे, पण ती बैलांची. "मोट वढतो त्याला पेंड. गाईनं डोंगर चरावा," हा त्यांचा कायदा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे पिंपरीला नव्यानंच झालेल्या कारखान्यात लागले होते, ते रविवारी यायचे. मग सांगायचं कुणाला? वर मामंजी तिला 'तुझ्या माहेरची पाटलीण' म्हणून चिडवायचे. मला असा राग यायचा! या म्हाताऱ्याच्या छातीत काळीज आहे की दगड, असं मनात यायचं.

एका सकाळी गाय उठेना. मामंजींनी शेपटीकडून जोर लावला, मी शिंगांना धरलं. उठली एकदाची, पण पाय लटलट कापत होते. मामंजी मोटेवर गेले. मी तडक कणगीतून अर्धी पायली बाजरी काढली, भरडली, भिजवली आणि घमेलं तिच्यापुढं ठेवलं. काय आधाशासारखं खाल्लं हो तिनं! मला रडूच आलं. घमेलं धुऊन पालथं घातलं आणि मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले.

उन्हं उतरली तेव्हा तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. रवंथ बंद, नुसती दात खात होती. ओवा-हिंग घालून गोडेतेल नळीनं पाजलं, पोट चोळलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत ती गेली, पोटातल्या वासरासकट.

मामंजी गोठ्याच्या दारात मटकन बसले. डोक्याचं मुंडासं काढून तोंडावर धरलं आणि हमसून हमसून रडायला लागले.

"मीच मारली तिला, पोरी. काल तू धुण्याला गेलीस तवा येऊन पेंड अन् भरडा घातला. सकाळी तिचे पाय बघवंनात गं. पण मापानं घातलं व्हतं! उपाशी आतड्याला किती सोसतं, ते मला कळत न्हाई व्हय?"

त्यांना कळत होतं. उन्हाळ्यात जनावर खंगलं की किती खुराक द्यायचा, मूठमूठ कसा वाढवायचा, हे विचारायला अख्खा गाव त्यांच्याकडं यायचा. त्यांच्या एकट्याचं तिनं पचवलं असतं. मी सांगायला म्हणून पुढं झाले, आणि त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून आत गेले.

रविवारी हे आले आणि बापावरच खेकसले, "सारा जन्म गुरांत गेला तुमचा, अन् अक्कल कुठं गहाण टाकलीत?" मी पदर तोंडाशी धरून चुलीपुढं बसून राहिले. माझी मेलीची जीभ तेव्हा झडली होती का?

पुढं गावातलं कुणी आलं की मामंजी म्हणायचे, "आता मला इचारू नका." बैलांची पेंडसुद्धा त्यांनी माझ्याकडं सोपवली. रोज पाटी भरून त्यांना दाखवायची, आणि ते मलाच विचारायचे, "जास्त तर न्हाई ना झाली?" मला विचारायचे! आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्षं गेली.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा मी पेज भरवत होते. त्यांनी मधेच माझा हात धरला.

"पोरी, माझं माप चुकलं कसं गं?"

घरात आम्ही दोघंच होतो. निदान तेव्हा तरी सांगायचं होतं.

मी म्हणाले, "वयानं होतं असं, मामंजी."

त्यांनी आढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. तसंच झालं असंल," आणि पेजेसाठी तोंड उघडलं.