ताशी साडेसहा

सव्वीस वर्षं बस चालवली की माणूस बायकोलाही गाडीसारखंच शिकवायला जातो. आपले ड्रायव्हरसाहेब त्यातलेच. स्टोव्हची ज्योत किती ठेवावी इथपासून झोपेत कूस कशी बदलावी इथपर्यंत त्यांचं मत तयार. बायको निमूट ऐकायची आणि आपल्याला हवं तेच करायची. संसार टिकला होता तो त्यामुळेच.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. पन्नाशीला तिच्या डोक्यात धावायचं खूळ शिरलं. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत दोन वर्षं ती मागे पडली आणि दोन्ही वेळा मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या शेवटच्या बसने तिला उचलून आणलं. यंदा तिने नवी पद्धत धरली होती. मनगटावरचं घड्याळ पिप् करेल तसं तीन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. सरावात ती अशी ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं पोचली. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर धावणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे संधी ही एकच.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी तोंड उघडलं. "हे काय, दर तीन मिनिटांनी स्टॉप? अगं, सगळ्यात जास्त डिझेल थांबून परत निघताना जातं. एका चालीत जा. मी सांगतो."

आणि कधी नव्हे ते तिने ऐकलं. घड्याळाची पिप् बंद केली.

दुसऱ्या दिवशी ती शेवटची बस साहेबांकडेच होती. डेपोने विचारलं तेव्हा त्यांनी हौसेने घेतली होती. काम सोपं होतं. सगळ्यांच्या मागून ताशी साडेसहाच्या वेगाने जायचं, आणि बस ज्याला गाठेल त्याला आत घ्यायचं. शेजारी शर्यतीचा एक अधिकारी कागद घेऊन बसला होता.

चौदा किलोमीटरपर्यंत बायको दिसली नाही. साहेब खुशीत होते, अधिकाऱ्याला डिझेलचं गणितही समजावून झालं होतं. मग वळणावर तिची पिवळी टोपी दिसली. ती धावतच होती, पण ते धावणं जेमतेम भरभर चालण्याइतकं होतं. पाय रस्त्यावर नुसते घासत होते.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, थोडं चाल! मिनिटभर चाल!"

"आता थांबले तर पाय परत उचलायचा नाही," ती मागे न बघताच ओरडली.

साहेबांनी ब्रेकवर पाय ठेवला. अधिकाऱ्याने मान हलवली. "काका, मागून पोलीस रस्ता खुला करत येतायत. हळू घेता येणार नाही."

"माझी बायको आहे हो ती."

"कळतंय मला. पण नाही जमणार."

पाच किलोमीटर ते तिच्या पाठीकडे बघत राहिले. मधलं अंतर चाळीस पावलांचं झालं, मग वीस, मग दहा. इतक्या हळू येणाऱ्या गाडीचीही भीती वाटते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. एकोणिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी बस तिच्या बरोबरीला आली आणि त्यांनी दार उघडलं. पायरी उंच होती, तिचा गुडघा वाकेना. अधिकाऱ्याने हात देऊन तिला वर घेतलं. साहेबांना स्टीअरिंग सोडता येत नव्हतं.

ती त्यांच्या मागच्याच सीटवर बसली. "एकदाही चालले नाही हो," ती म्हणाली. टोमणा असता तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिला खरोखरच तेवढंच सांगायचं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आधीसारखं केलं असतं, तर पोचले असते का?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर खोटं.

"पोचली असतीस," ते म्हणाले.

 ती बूट काढून गुडघा चोळत बसली. पुढे अजून माणसं लंगडत चालली होती, आणि त्यांना गाडी पुढे घ्यावी लागली.