टाकीच्या झाकणाखालचा कागद

फौजेतलं माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरातल्या एका वर्कशॉपला होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. नाईक प्रेम राठोड ड्रायव्हर, दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. मला उस्ताद म्हणायचा. आमच्या रस्त्यावर दगड कोसळणारा एक पट्टा होता. तिथे थांबायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर.

एका सकाळी 0940 ला आमची वनटन गाडी नेमकी त्याच पट्ट्यात, चढावर दमली. रेस पूर्ण दाबलेली, इंजिन ओढेना. मग बंद पडलं. वायरलेसवर कंट्रोलचा आवाज आला.

"टायगर टू, पोझिशन? ओव्हर."

"पट्ट्यात थांबलोय. इंजिन बंद. ओव्हर."

"लगेच निघा. आउट."

लगेच निघा म्हणे! जणू आम्ही हौसेनं थांबलो होतो.

प्रेम उतरून वर नजर लावून उभा राहिला. मी फिल्टर खोलला. साफ. पंप पाहिला. ठीक. 0955 ला "उस्ताद, हटा!" ओरडत त्यानं मला ढकललं. दगड त्याला लागला. तो जागीच गेला.

तासाभरानं गाडी आपोआप सुरू झाली. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'बिघाडाचे कारण समजले नाही.' खाली माझी सही आहे. त्या सहीनं मला कधी धड बसू दिलं नाही.

मी निवृत्त होऊन यवतमाळला आलो. गेल्या महिन्यात प्रेमच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा फोन आला. संत्र्याच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर, प्रेमनं जुनाच घेतलेला.

"भाऊ, ट्रॅक्टर दमून राह्यला. मिस्त्री दोनदा येऊन गेला. इकून टाका लागते का काय? त्यायची निशाणी हाय, मन होत नाही."

सकाळच्या बसनं गेलो. ट्रॅक्टर वीस मिनिटं छान चालला, मग मरगळला, बंद पडला. फिल्टर साफ. पंप ठीक. हा क्रम मला पाठ होता.

डिझेल टाकीचं झाकण सैल केलं. सुस्सकन हवा आत ओढली गेली. सेल्फ मारला तर इंजिन लगेच उचललं. झाकणाखाली प्लास्टिकचा गोल कापलेला कागद होता. झाकणाचं बारीक भोक त्यानं बंद केलेलं. आत हवा नाही, तर डिझेल उतरणार कसं? तासभर थांबलं की हवा हळूहळू झिरपते, गाडी पुन्हा सुरू.

"हा कोणी लावला?"

"त्यायनंच, शेवटल्या सुट्टीत. उस्तादानं शिकोलं म्हने, पाणी जात नाही आत. यंदा जुना फाटला, तं मी जाड पिशवीचा कापून लावला."

वनटनच्या झाकणाचं पॅकिंग गेलं होतं. स्टोअरमध्ये नवं नव्हतं. म्हणून हा जुगाड माझाच. आणि त्या सकाळी जुना, कडेनं हवा सोडणारा पातळ कागद काढून जाड, नवा, घट्ट बसवणाराही मीच.

मी वहिनींना सगळं सांगितलं. "प्रेम माझ्या चुकीनं गेला."

त्यांनी झाकणाचं भोक बोटानं चाचपलं.

"त्यायले मालूम होतं?"

"नाही."

"मंग बरं झालं. शेवटलोक तुमाले उस्तादच म्हनत गेले ते."

मी कागद खिशात घातला, झाकण लावलं. वहिनी स्वतः ट्रॅक्टरवर बसल्या आणि बागेच्या टोकापर्यंत न थांबता गेल्या.

नाईक प्रेम राठोड, ड्रायव्हर. ड्यूटीवर गेला. बिघाडाचे कारण समजले आहे.