उरलेले दंडवत

देवीकडे कुणी लेकरू मागतं, कुणी आजारातून उठव म्हणतं. मी दंड मागितले. लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच सांगते. साखरेच्या आजारात डॉक्टरांनी धाक घातला म्हणून दोन वर्षांत मी निम्मी झाले. सगळ्या कळंब गावानं कौतुक केलं, पण दंडांची कातडी काही माझ्याबरोबर आटली नाही. रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, काखेत घासून उन्हाळाभर चिघळायची. मी ब्लाउज शिवते. गावातल्या पोरींना बिनबाह्यांचे शिवून द्यायचे आणि स्वतः कोपरापर्यंत बाही घालून मशीनवर घामाघूम व्हायचं! आरतीत हात वर करून टाळ्या वाजवायच्याही मी सोडल्या होत्या. आमचे हे म्हणाले, "आता या वयात दंड कुणाला दाखवायचेत?" झालं, दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला जाऊन लोंबती कातडी काढायच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आले.

तारीख घेतली आणि धास्ती बसली. देवीला बोलले, आई, हात नीट होऊ दे, यात्रेला पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत दंडवत घालीन. ऑपरेशन छान झालं. टाके काढताना डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, हातांवर भार द्यायचा नाही. यात्रा तर दीड महिन्यावर! कुठला नवस बोलतोय याचा मी मेलीनं आधी विचारच केला नव्हता. पुढे ढकलावा तर देवी रागवेल ही भीती. शिवाय मनात बोचत होतं, हौसेसाठी कातडं कापून घेतलंस आणि आता तिच्यापुढे दुखतं म्हणतेस? दंडांवरचे घट्ट पट्टे लांब बाहीत झाकून मी यात्रेला गेले. ह्यांनाही नवसाचं काही बोलले नाही.

हे गाडी लावायला गेले तेवढ्यात मी सुरुवात केली. दोन दंडवत झाले. तिसऱ्याला हात पुढे ताणले आणि उजव्या काखेत अशी कळ आली की शिवण उसवली असंच वाटलं. उठायला जमिनीवर हात टेकवेना. तोंड फरशीवर, डोळ्यांतून धारा. हात गमावला आणि नवसही मोडला, एवढंच मनात. बायका उचलायला वाकल्या तोच मागून आवाज आला, "आगं, दंडाला धरू नगा तिच्या!" कुणीतरी माझ्या कमरेला लुगड्याचा पदर गुंडाळला आणि अलगद मला बसवलं. पिंपरी पेंढारच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या. मी कधी पाहिलेलं नव्हतं त्यांना.

"तुम्हाला कसं कळलं मावशी?"

"पडल्या पडल्या हात छातीशी वडाय लागलीस की तू. दुखत व्हतं तर आली कशाला, येडे? किती ऱ्हायलं?"

मी नवस सांगितला. त्यांनी पदर खोचला. "तू मागनं चाल. उरल्यालं मी घालते."

त्या आडव्या पडत, हात पुढे ताणत, बोटानं रेघ ओढत. आखूड बाहीतून त्यांचे दंड लोंबत होते, अगदी माझे होते तसेच. मी मागून चालत ते दंड बघत होते आणि रडत होते. आजवर सगळं माझ्याच हातांनी निभवायचं असा माझा हट्ट. त्या दिवशी दुसऱ्याच्या हातांनी देवीपर्यंत पोचले.

नंतर डॉक्टरांनी पाहिलं, काख उसवली नव्हती, ओढ बसली होती फक्त. ऑपरेशन केल्याचं मला दुःख नाही. चिघळणं थांबलं, त्याबद्दल डॉक्टरांचे आणि देवीचे उपकारच मानते. पण दर्शन कधी झालं असं कुणी विचारलं, तर गाभाऱ्यातलं आठवत नाही, त्यानंतरचंच आठवतं. पुजाऱ्यानं ओटीतला खण प्रसाद म्हणून परत दिला. त्याचा ब्लाउज मी मावशींना शिवून देते म्हटलं. टेप माझ्या पर्समध्ये कायमच असते. तिथेच मंडपात माप घ्यायला बसले.

"बाही केवढी ठेवू मावशी? लांब?"

"छ्या! आखूड ठेव. कांद्याला पानी धरताना लांब बाही लई भिजती."

माझे दोन्ही हात त्यांच्या दंडाभोवती होते. देवीला नमस्कार मी तसाच केला.