कडू अण्णांच्या गायीचा पान्हा

आमच्या थोरल्या भाऊजींना गल्लीत सगळे कडू अण्णा म्हणतात. तोंडावर अर्थातच नाही. त्यांच्याइतकं निर्भेळ दूध कुणी देत नाही, आणि इतकं निर्भेळ कुणी बोलतही नाही. घरामागच्या गोठ्यात एकच गाय. पहिल्या वेतापासून तिची धार त्यांनीच काढली. सकाळ-संध्याकाळ, एकही खाडा नाही.

दोन वर्षं त्यांनी पोटाचा हर्निया पट्टा बांधून दडवला. त्या गुरुवारी डॉक्टरांनी पट्टा बाजूला ठेवला आणि सांगितलं, आतडं अडकलं तर माणूस हातचा जाईल, सोमवारी ऑपरेशन करू. भाऊजी म्हणाले, गायीला विचारून सांगतो. डॉक्टरांना ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. गाय दुसऱ्या कुणापुढे पान्हा सोडत नसे, दूध वर ओढून धरायची. दूध राहिलं की कास सुजते, हे आम्हा सगळ्यांना माहीत. शेवटी असं ठरलं की सोमवारपर्यंत गाय त्यांच्या सुनेच्या हाताला लागली तर भाऊजी दवाखान्यात जातील, नाही तर नाही. जाऊबाईंनी मला हे सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. एकच पातेलं त्या बराच वेळ घासत होत्या.

सून लग्न होऊन आली त्याच वर्षी गाय पहिल्यांदा व्याली होती. त्यामुळे सहा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती सगळं बघत आलेली. सासरे कुठल्या बाजूला बसतात, कास कोमट पाण्याने कशी पुसतात, बादलीवर दोनदा टिचकी कशी मारतात. शुक्रवारी तिने सगळं तस्संच केलं. गाय बिथरू नये म्हणून भाऊजींना आमच्याकडे बसवलं आणि गोठ्यात कुणी चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं. गायीने आंबोण संपवलं आणि कपभर दूध दिलं.

संध्याकाळी सुनेने भाऊजींचा सदरा घातला. गायीने सदरा हुंगला, बाई ओळखली. मी म्हटलं, देवाचं नाव घेऊन बघा. घेतलं. गायीने शांतपणे ऐकून घेतलं. प्रत्येक वेळी मग भाऊजी येऊन पाच मिनिटांत बादली भरायचे आणि सुनेकडे न बघता निघून जायचे.

शनिवारी संध्याकाळी ते आमच्या पायरीवर बसले होते. सून तिकडे अर्धा तास सड ओढत होती. भाऊजींना राहवेना. तिथूनच भिंतीपलीकडे ओरडले, "पाणी कोमट केलंय का नुसतं दाखवलंय चुलीला? तीस वर्षं झाली, एक काम धड नाही!"

हे जाऊबाईंना होतं. रोजचंच.

सुनेने हात मागे घेतला होता, तरी सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं, खाली मातीत. ती बघत राहिली. मग उठून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, ती हाताला नाही पान्हवत. आईंना बोललं की पान्हवते."

विचार केला तर खरंच होतं. भाऊजी बसायच्या आधी न चुकता जाऊबाईंना चार शब्द ऐकवायचे, मग धार. गायीला वाटत असणार, हा धार काढण्याचाच भाग आहे.

आता प्रश्न सुनेचा. सहा वर्षांत तिने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. रविवारी सकाळी ती बादली घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, पाणी जरा गार वाटतंय का हो?" गायीने कानसुद्धा हलवला नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "असं नाही गं. त्यांच्यासारखं बोल. मला काय नवीन आहे?"

सुनेने डोळे मिटले आणि सासऱ्यांच्याच चालीवर, त्यांच्याच शब्दांत, तीस वर्षांसकट बोलली. गाय पान्हवली. बादलीत धार वाजायला लागली, आणि जाऊबाई पाणी आणायला उठल्या. पाणी शेजारीच ठेवलेलं होतं.

सोमवारी भाऊजी दवाखान्यात गेले. जाऊबाई सोबतीला तिथेच, तेव्हा ते चार दिवस त्यांच्या जागी मी बसले आणि सुनेची बोलणी खाल्ली. पहिल्या दिवशी तिने नंतर पाया पडून माफी मागितली. चौथ्या दिवशी विसरली. दूध मात्र थेंबभर कमी झालं नाही, देवाची कृपा.

ऑपरेशन नीट झालं. टाके आहेत, जोर लावायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. दुसऱ्या सकाळी धारेच्या वेळेला भाऊजी खाटेवर उठून बसले, जाऊबाईंकडे वळले आणि तोंड उघडलं. टाके ओढले गेले. पोट दाबून ते तसेच बसले. तेवढ्यात गोठ्यातून सुनेचा आवाज आला आणि पाठोपाठ धारेचा.

भाऊजींनी जरा वेळ ऐकलं.

"मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं.

"थोडं मोठ्याने," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांची उशी सरळ केली.