देवूनं सांगितलेलं नाव

मोहडी तशी छोटीच नदी. अभयारण्यातल्या डोंगरात उगम, सागाच्या रानातून सात-आठ किलोमीटरची वळणं, आणि पुढे ती सूर्या नदीला मिळते. होळी झाली की धार तुटते, मग उरतात ते डोह. त्या डोहांची राखण देवू वरठा तेवीस वर्षं करत होता. वनखात्याचा रोजंदारीवरचा मजूर. अंगात खाकी शर्ट, तोही जुन्या गार्डनं जाताना दिलेला. पाण्यात औषध टाकून मासे मारणाऱ्यांच्या मागे तो काठी घेऊन धावायचा. एकदा त्यात डोकं फुटून सात टाके पडले होते.

त्याचा एकुलता एक मुलगा अंकुश बोईसरला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. तिथेच खोलीवर राहायचा, सुट्टीला पाड्यावर यायचा. बायको दीपाली सासू-सासऱ्यांजवळ होती, तिला तिसरा महिना चालू होता.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात एका रविवारी देवू फिरत फिरत उंबरडोहावर आला. पाणी पांढुरकं झालं होतं. मळ्ये, खडस असले मासे, त्यांची बोटाएवढी पिल्लं, सगळी पोटं वर करून तरंगत होती. नाकात झोंबणारा वास. काठावर तीन माणसं मासे गोणीत भरत होती. त्यातले दोघे त्याला अनोळखी. तिसरा अंकुश.

"बा, कंपनीतले दोस्त हायत," अंकुश उभा राहिला. "चार मासं नेतात. तू बघितलंच नाय असं समज."

"कायचं औषध टाकलास?"

"पावडर. कंपनीतली."

"खाली आपला झिरा हाय रं! वाळूतून हेच पानी तिथं जातं, बाया भरतात!"

अंकुशचा चेहरा उतरला. ते त्याच्या मनातच आलं नसावं. देवू धावतच सुटला. पाऊण मैल दगडांवरून ठेचकाळत तो झिऱ्यावर पोचला, तेव्हा त्याची बायको सोमी वाळूतल्या खड्ड्यातून वाटीवाटीनं हंडा भरत होती. शेजारी दीपाली ओंजळ तोंडाशी नेत होती. देवूनं तिचा हातच उडवला. हंडा उलटा केला. 

माणसं वाचली. डोहाचं पाणी प्यायलेल्या पाड्यातल्या ठमीच्या दोन शेळ्या मात्र दुपारी तडफडून मेल्या.

संध्याकाळच्या आत देवू वनखात्याच्या नाक्यावर गेला. वनपाल प्रफुल्ल साहेब भला माणूस. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"देवू, मी 'अज्ञात इसम' लिहितो. तू घरी जा."

देवू म्हणाला, "तेवीस वर्सं दुसऱ्यांची पोरं धरून आनली, साहेब. लिवा. अंकुश देवू वरठा."

अंकुश अकरा दिवस आत होता. जामिनावर सुटला, तोवर काम गेलं होतं. पाड्यावर आला तो फक्त दीपालीला न्यायला. बापाशी एक शब्द बोलला नाही. सोमी त्याच्या मागे वाटेपर्यंत रडत गेली. परत आली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "पावसात मासं परत येतील. माजा पोरगा येल का?"

पाऊस आला, मासेही आले. सोमी देवूच्या पुढ्यात भाकर ठेवायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

माघात देवू पत्ता काढत बोईसरला गेला. फडक्यात तुरीच्या शेंगा बांधून नेल्या होत्या. चाळीतल्या खोलीचं दार दीपालीनं उघडलं. कडेवर चार महिन्यांची पोर.

"ते आत हायत," ती हळू आवाजात म्हणाली. "नको म्हनतात."

आत अंकुश खोकला. देवूनं तो खोकला ओळखला. त्यानं हाक मारली नाही. दीपालीनं पोरीला त्याच्या हातात दिलं. दारातच, उंबऱ्याच्या बाहेर, त्यानं नातीला थोडा वेळ धरलं. मग दीपालीनं तिला परत घेतलं.

घरी आल्यावर सोमीनं दहा महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी. स्वरा नाव ठेवलाय."

"सवरा?" तिला ते नीट म्हणता येईना. चूल फुंकता फुंकता ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत राहिली.

महिन्याभरानं दोघं मिळून बोईसरला गेली. सोमीनं गोधडी शिवली होती. खोलीला कुलूप. शेजारचा रामकिसन म्हणाला, "वो लोग तो वापी की तरफ चले गए, चाचा. पता नहीं दिया."

सोमी गोधडी मांडीवर घेऊन त्या पायरीवर तासभर बसली. शेवटी देवूनंच तिला उठवलं.

याला आता वर्ष होऊन गेलं. देवू अजून डोहांवर फिरतो. सोमी त्याच्याशी बोलते, पण एकाच विषयावर.

"चालाय लागली असल नाय आता?" ती विचारते.

"लागली असल," देवू म्हणतो.