सुभेदारांची निवडणूक

सुभेदार चंद्रशेखर शिंगटे अठ्ठावीस वर्षं फौजेत होते, पण कुणाकडे काही मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. असा माणूस निवडणुकीला उभा राहतो, याला काय म्हणावं!

पत्नी गेल्यावर मुलगी वैदेहीने त्यांना साताऱ्याहून अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आणलं. पहिली दोन वर्षं ते नुसते खिडकीशी बसून होते. मग एका वादळात रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबलं आणि सुभेदार फावडं घेऊन बाहेर पडले. गटारांची तोंडं कुठे आहेत ते समोरच्या लिंडाबाईंनी दाखवलं. दोघांनी चिखल उपसायला सुरुवात केली, तसे बघत उभे असलेले शेजारीही उतरले. त्या दिवसापासून सुभेदार माणसांत आले. पुढे ते अमेरिकेचे नागरिक झाले, वस्तीचं पाणी आणि गटारं बघणाऱ्या पाणी मंडळाची एक जागा निघाली आणि शेजाऱ्यांनीच त्यांना गळ घातली. विरोधात कोण, तर लिंडाबाई!

ती जागा सुभेदारांना मनापासून हवी होती. या वस्तीने आपल्याला खिडकीपासून उठवलं, तिच्यासाठी काहीतरी करावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. महिनाभर ते दारोदार हिंडले. दाराशी बूट काढायचे, दिलेली कॉफी प्यायचे, गुडघेदुखीची चौकशी करायचे आणि परत यायचे.

“बाबा, व्होट मागितलं का?” वैदेही विचारायची.

“अगं, त्यांच्या घरची कॉफी प्यालो. लगेच मत कसं मागायचं?”

“काय यार बाबा! तुम्ही कॅम्पेन करताय की पाहुणचार घेताय?”

निकाल वैदेहीच्या फोनवर आला. लिंडाबाई दोनशे सात, सुभेदार दोनशे सहा.

“एका व्होटने गेलं!” ती मटकन खाली बसली. मग तिला शंका आली. “बाबा, तुम्ही स्वतःला व्होट केलंत ना?”

सुभेदार कानकोंडे झाले. “स्वतःच्याच नावावर खूण करायची? लाज वाटली गं. लिंडाबाईंना दिलं.”

वैदेहीने कपाळाला हात लावला. आता चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तिने मान वर केली, तर फोनमधल्या आकड्याकडे बघता बघता वडिलांचे डोळे भरून आले होते.

“दोनशे सहा, वैदू,” ते म्हणाले. “आणि मी एकाकडेही मागितलं नव्हतं.”